बासष्ट घरांखालची जमीन

चँडलर, ॲरिझोना
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रीता,

मराठीत लिहितोय. तुला वाचायला वेळ लागेल, पण इंग्रजीत लिहायला बसलो की माझं पत्र ऑफिसच्या ईमेलसारखं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत दर शनिवारी कुरकुरत का होईना तू जोडाक्षरं शिकलीस, त्याचा फायदा आज मी उपटतोय. कुठे अडलीस तर आईला विचार. नाही, नको. मी तुला लिहितोय हे तिला माहीत नाही.

आधी कामाचं. तुझा राजीनामा वकिलांना मिळाला. माझ्या आणि आईच्या मागे घरच्या पैशांच्या ट्रस्टचा कारभार कोण बघणार, त्या रकान्यात तुझं नाव होतं, ते त्यांनी काढलं. आता ती जागा रिकामी आहे आणि दर दोन महिन्यांनी त्यांच्या ऑफिसातून फोन येतो, नवीन नाव कुणाचं म्हणून. देवांगला विचारलं तर तो सिॲटलहून म्हणतो, "बाबा, आय ॲम फाइन विथ एनीथिंग." तुझा भाऊ प्रत्येक गोष्टीला फाइनच असतो. एखाद्या बँकेचं नाव घालता येतं. अजून घातलेलं नाही.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळवरून सव्वा वर्ष मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. माझी बाजू एकदा कागदावर मांडतो. ट्रस्टच्या कागदांचं ते चारशे पानांचं बाइंडर मीच तुला दिलं. 'उद्या तुलाच बघायचंय, सगळं वाच' असं मीच म्हणालो. लपवायचं असतं तर दिलं असतं का? त्यात मी पैसे गुंतवलेल्या एका फंडाचे कागद होते. त्याच फंडानं कोयोट वेल्स हा मोबाइल होम पार्क, भाड्याच्या जागेवर आणून ठेवलेल्या घरांची ती वसाहत, विकत घेतला होता, आणि त्याच पार्कमधल्या बासष्ट घरांची तू भाडेवाढीच्या विरोधात वकील होतीस, हा योगायोग. मी तीन लाख डॉलर गुंतवले तेव्हा तू त्या केसवर नव्हतीसही. तू लगेच बॉसला सांगितलंस, तिनं तुला केसवरून काढलं. नियमच तो. यात मी वेगळं काय करायला हवं होतं?

तू विचारलंस, "बाबा, ते लोक काय करतात तुला माहीत होतं?" मी नाही म्हणालो. मग तू पुढे काही बोलायच्या आधीच मी म्हणालो, याच पैशावर तुझं लॉ स्कूल झालं. ते म्हणायला नको होतं. तू ताट तसंच ठेवून उठलीस. त्यानंतरच्या जानेवारीत न्यू जर्सीला गेलीस. तुझी नोकरी पिस्कॅटवेजवळ आहे, अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि हीटर रात्रभर खडखडतो, एवढं मला आईच्या फोनवरून कळतं. मी मुद्दाम ऐकत नाही. स्वयंपाकघरातून ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात गाडीचे टायर बदलायला गेलो होतो. तिथून कोयोट वेल्स जवळच, म्हणून सहज चक्कर मारली. फाटकावर नवी पाटी आहे. एक म्हातारी बाई दारात बसली होती, तिनं हात हलवला. मीही हलवला. बाकी काही विशेष नाही.

थंडीत पायात मोजे घालून झोपत जा.

बाबा


चँडलर
रविवार, २ मार्च २०२५

प्रीता,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

टायरचं खोटं होतं. टायर चांगले आहेत. मी मुद्दामच गेलो होतो, आणि तेव्हापासून पाच वेळा गेलोय. पहिल्या तीन वेळा गाडीतून उतरलोच नाही. एसी लावून रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. रिटायर झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही कुठे होतास.

चौथ्या वेळी त्या बाईनंच काचेवर टकटक केली. तिचं नाव डोलोरेस, हे तुला सांगायला नको. मला म्हणाली, "तुम्ही काउंटीचे का? सांडपाण्याची लाइन बघायला आलात?" मी म्हटलं, नाही, रिटायर्ड इंजिनिअर आहे. "मग तर बघाच," म्हणाली, आणि मला मागे घेऊन गेली. लाइन बघितली. सत्तर सालचे मातीचे पाइप, झाडांच्या मुळ्यांनी फोडलेले. सोळा आणि सतरा नंबरच्या घरांमागे वासानं उभं राहवत नाही. भाडं वाढलं, पण त्यातला एक डॉलर त्या पाइपांपर्यंत पोचलेला दिसला नाही.

मग तिनं घडीची खुर्ची उघडली, बर्फ घालून चहा दिला. सव्वीस वर्षं स्कूल बस चालवली म्हणाली. ती आणि तिचा नवरा, दोघांनी मिळून अठ्ठ्याण्णव साली ते घर रोख घेतलं. नवरा गेला. घर तिचं आहे, खालची जमीन पार्कची. त्या जमिनीचं भाडं चारशे पासष्ट होतं, दोन वर्षांत आठशे दहा झालं. मी मूर्खासारखं विचारलं, मोबाइल होम ना, मग दुसरीकडे का नेत नाही? ती हसली. "मिस्टर, हे घर उचललं तर तुकडे हातात येतील. चाकं फक्त नावात आहेत."

आणि मग तिनं तुझ्याबद्दल सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणाली, "आमची एक वकील होती, तुमच्यासारखीच, इंडियन. एक दिवस क्लबहाउसमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, मला तुमची केस सोडावी लागतेय, कारण माझ्या घरचा पैसा तुमच्या मालकाकडे आहे. ऑफिसनं नुसतं पत्र धाडलं असतं तरी चाललं असतं. पण ती आली. तासभर लोक तिला वाटेल ते बोलले. ती ऐकत उभी राहिली, आणि जाताना नव्या वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या हातात दिला. मी हजारो मुलं नेली-आणली आहेत. चांगल्या घरातलं मूल मला ओळखू येतं."

मी चहा संपवला. मग बर्फही चावून संपवला. मी कोण ते सांगितलं नाही.

क्लबहाउसमधलं हे तू आम्हाला कधी सांगितलं नव्हतंस. आईला सांगितलं असशील तर तिनं मला सांगितलं नाही. घरी आलो आणि पोट बरं नाही म्हणून न जेवता पडून राहिलो.

बाबा


चँडलर
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रीता,

आईला पत्रांचं कळलं. पोस्टाच्या तिकिटांची पट्टी माझ्या चष्म्याच्या घरात सापडली. एवढंच म्हणाली, "पाकिटावर झिप कोड नीट लिहिता ना?"

आता घडलं ते सांगतो. मी हिमानीकडे गेलो. हिमानी म्हणजे आमची पैशाची सल्लागार, मूळची पुण्याची, तुझ्याहून वर्षभर मोठी असेल. तिला म्हटलं, मला त्या फंडातून बाहेर पडायचंय. ती म्हणाली, "काका, २०२८ पर्यंत पैसे अडकलेत. पण तुमचा हिस्सा घेणारा दुसरा इन्व्हेस्टर मी शोधू शकते. दहा-बारा टक्के सोडावे लागतील, पण सुटाल." मला एकदम हलकं वाटलं. येतानाच सगळं ठरवून टाकलं. विकायचं, आणि येतील ते पैसे नागपूरच्या माझ्या शाळेला सायन्स लॅबसाठी द्यायचे. तुला तसं पत्र लिहायचं. तू परत बोलायला लागशील.

जेवताना आईला सांगितलं. ती पोळी लाटत होती, मागे न बघता म्हणाली, "अहो, तुम्ही हात धुवाल, पण ते पाणी त्यांच्याच अंगावर पडेल." मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे तुमच्या जागी दुसरा कुणी बसेल. त्या बाईचं भाडं एक डॉलर तरी कमी होईल का?"

मला राग आला, प्रीता. दरवर्षी आपण देतोच की. देवळाला, शाळेला, फूड बँकेला. पावत्यांची फाइल आहे. आई म्हणाली, "हो, देतो. शंभरातले चार देतो आणि त्याचे फोटो लावतो. उरलेले शहाण्णव दिवसभर कुठे कामाला जातात, ते कधी विचारलंय आपण?" 'आपण' म्हणाली, 'तुम्ही' नाही. तेवढ्यावर माझा राग उतरला.

मग तिनंच मिसेस ऑल्सनची आठवण काढली. तुला आठवणार नाही. टेंपीला त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही चार वर्षं राहिलो, तू तिथेच झालीस. भाडं तीनशे चाळीस. चार वर्षांत त्यांनी ते कधी वाढवलं नाही, आजूबाजूला सगळे वाढवत असताना. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर देता, संत्र्याच्या झाडाला पाणी घालता. मला पुरतं." त्या चार वर्षांत जे साठलं, त्यातून हे घर झालं. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की मी डबा खाऊन, ओव्हरटाइम करून घर घेतलं. तेही खरं आहे. पण मिसेस ऑल्सनचं नाव मी कधीच घेतलं नाही. त्या गेल्या तेव्हा आम्ही फुलंसुद्धा पाठवली नाहीत, कारण कळलंच दोन वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी परत कोयोट वेल्सला गेलो. डोलोरेस खुशीत होती. व्याजदर वाढल्यामुळे फंडाला आता काही पार्क विकायचे आहेत, त्यात त्यांचाही आहे. रहिवाशांनी मिळून सहकारी संस्था काढली तर तेच जमीन विकत घेऊ शकतात. असं इतर ठिकाणी झालंय, त्यासाठी कर्ज देणाऱ्या ना-नफा संस्था आहेत. एका संस्थेनं हिशेब तपासून बहुतेक रक्कम द्यायची तयारी दाखवलीय. साडेचार लाख डॉलर कमी पडताहेत. "काउंटीत कुणी ओळखीचं आहे का?" तिनं मला विचारलं. तिला अजून वाटतं मला काउंटीत कुणीतरी ओळखतं.

मी म्हटलं, बघतो.

घरी येऊन हिमानीला फोन केला. विचारलं, दोन टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी मी हे पैसे त्यांना कर्जाऊ दिले तर? ती म्हणाली, "काका, करता येईल. शेअर्समधून काढावे लागतील, टॅक्स बसेल. मुलांना जाणाऱ्या पैशात रिस्क वाढेल, ते मुलांना सांगा. आणि एक, तुम्ही विकणाऱ्या फंडातही आहात. हे त्या लोकांना लेखी कळवल्याशिवाय मी एकही कागद पुढे पाठवणार नाही."

तिचं बरोबर आहे. पण तेव्हापासून मला झोप नाही.

बाबा


चँडलर
रविवार, ८ जून २०२५

प्रीता,

हे पत्र पूर्ण वाच. मध्ये सोडू नकोस.

गुरुवारी क्लबहाउसमध्ये मीटिंग होती. बाहेर शेहेचाळीस डिग्री, आतला एसी बंद, दोन उभे पंखे. चाळीस-पंचेचाळीस माणसं. कर्ज देणाऱ्या संस्थेची बाई बोलली, मग डोलोरेसनं माझं नाव पुकारलं, 'आपले इंजिनिअर मित्र' म्हणून. आई शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं येऊ नये असं मला वाटत होतं. तिनं ऐकलं नाही.

मी कागदावर लिहून नेलं होतं, पण ते वाचलं नाही. म्हटलं, उरलेली रक्कम द्यायला मी तयार आहे, पण आधी एक ऐका. तुमचा पार्क ज्या फंडाचा आहे त्यात माझे तीन लाख आहेत. तुमच्या वाढलेल्या भाड्यातून मला दर तिमाहीला चेक आले. आणि जी वकील इथे उभी राहून माफी मागून गेली, ती माझी मुलगी. चूक तिची नव्हती.

एकदम आवाज वाढला. कुणीतरी खुर्ची ढकलून बाहेर गेलं. रॉय उठला. तुला रॉय आठवत असेल, आर्मीतला, एकतीस नंबरचा. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "ते आमच्याशी काय करणार होते, तुम्हाला माहीत होतं?"

तोच प्रश्न, प्रीता. शब्दही जवळपास तेच.

मी हो म्हणालो.

चाळीस परक्या माणसांसमोर म्हणालो, आणि तुला नाही म्हणालो होतो. म्हणून आता तुलाही सांगतो. मला माहीत होतं. फंडाची पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती, मी सगळंच वाचतो. त्यात एका पानावर लिहिलं होतं की रहिवाशांना घर दुसरीकडे हलवणं परवडत नाही, त्यामुळे भाडं वाढवलं तरी ते जात नाहीत, म्हणून उत्पन्न खात्रीचं आहे. इंग्रजीत वाचताना त्या वाक्यानं मला काही झालं नव्हतं. चांगला धंदा आहे असं वाटलं. त्या दिवशी जेवताना मी आईला कौतुकानं समजावूनही सांगितलं. आत्ता मराठीत लिहिताना पेन थांबलं. जे जाऊ शकत नाहीत त्यांच्याकडून जास्त घ्या, असं ते वाक्य आहे. दुसरं काही नाही.

तू विचारलंस तेव्हा मला ते पान आठवलं होतं. तुझ्या तोंडाकडे बघून मी खोटं बोललो. मग ते झाकायला लॉ स्कूलचा विषय काढला.

मीटिंगचं सांगायचं राहिलं. रॉय म्हणाला, "निदान खरं बोललात." मग म्हणाला, "मी तुमचे पैसे घ्यायच्या विरोधात मत देणार." त्यांनी निर्णय पुढे ढकलला. बाहेर पडताना डोलोरेस माझ्याशी बोलली नाही. आईनं माझा हात धरला, पार्किंगपर्यंत सोडला नाही. एवढ्या उन्हात हात धरून चालणं म्हणजे चटकेच, पण सोडला नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

बाबा


चँडलर
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रीता,

तुझं पत्र जुलैत आलं, आणि मी आज उत्तर लिहितोय, याचा अर्थ मला घाई नव्हती असा नाही. रोज वाचत होतो. पाच ओळी, त्यात वाचायला काय, असं आई म्हणते. तीही वाचते.

तू लिहिलंयस: 'बाबा, ते पान मी तेव्हाच बघितलं होतं. बाजूला तुझी पेन्सिलची खुण होती, बरोबरची. मला माहीत नव्हतं म्हणून मी विचारलं नाही. तू खरं सांगशील म्हणून विचारलं. आता सांगितलंस.' 'खूण'ला तू पहिला उकार दिलायस. शाळेत असताना दुरुस्त केला असता. आता तो तसाच राहू दे.

म्हणजे पावणेदोन वर्षं तू पैशावर रागावली नव्हतीस. मी सगळ्यांना तेच सांगत होतो, मुलगी आदर्शवादी आहे, तिला पैशाची चीड आहे. बापाची अब्रू वाचवणारं सोपं कारण होतं ते.

आता इकडचं. जुलैत त्यांचं मतदान झालं. अडतीस बाजूनं, सतरा विरोधात, बाकीचे आलेच नाहीत. रॉयनं विरोधात मत दिलं, आणि मग निकाल लागल्यावर तोच अटी लिहायला बसला. मला बोर्डावर जागा नाही. मत नाही. कर्ज मुदतीआधी परत मागता येणार नाही. एखादा हप्ता चुकला तर जमीन माझ्याकडे येणार नाही, कधीच. वकील म्हणाले, इतक्या अटी कुठलाच कर्ज देणारा मान्य करत नाही. मी सगळ्यांवर सही केली. माझ्यासारख्या माणसाकडून पैसे घेताना जे विचारायला हवं ते सगळं त्या माणसानं विचारलं. रॉयचे मी मनापासून आभार मानले. तो म्हणाला, "डोन्ट मेन्शन इट. आय मीन इट."

देवांगला फोन केला. हे पैसे तुम्हा दोघांना जायचे होते, बुडले तर तुमचे बुडतील, हे सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "बाबा, इज धिस अबाउट देम, ऑर अबाउट प्रीता?" मी म्हटलं, सुरुवात प्रीतापासून झाली. आता ते दोन्ही वेगळं करता येत नाही. तो म्हणाला, "ओके. धॅट्स ऑनेस्ट." आणि मग मराठीत म्हणाला, "कर, बाबा." किती वर्षांनी त्याच्या तोंडून मराठी ऐकलं. या वेळी तो 'फाइन' म्हणाला नाही.

फंडानं पार्क विकला की नफ्यातला माझा हिस्सा मला येईल. म्हणजे त्या लोकांनी भरलेल्या किमतीतलाच थोडा भाग फिरून माझ्या खात्यात. हे कळलं तेव्हा मला लाज वाटली, पण हिमानीनं मार्ग काढला. ती रक्कम संस्थेला देणगी म्हणून जाईल, सांडपाण्याच्या पाइपांसाठी. त्यावर कुणाचं नाव लागणार नाही. पाइपांवर नाव लावतही नाहीत म्हणा.

डोलोरेस जूनमध्ये बोलली नव्हती. ऑगस्टमध्ये मी गेलो तर खुर्ची आधीच उघडून ठेवलेली होती. मी बसलो. ती म्हणाली, "मी तुमच्यावर रागावले होते, कारण मी तुम्हाला चहा दिला होता." मी म्हटलं, बरोबर आहे. मग तिनं चहा आणला. प्रीता, माझ्या वयाच्या माणसाला दुसऱ्यांदा कुणी खुर्ची देतं याची किंमत मला आता कळते.

थँक्सगिव्हिंगला येशील का, हे विचारायचं आई म्हणतेय. मी म्हटलं, तूच विचार. ती म्हणाली, "मी दर रविवारी विचारते. या वेळी तुम्ही विचारा."

येशील का?

बाबा


चँडलर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रीता,

तुला एअरपोर्टवर सोडून आत्ताच घरी आलो. आई तुझ्या खोलीतली चादर काढतेय. तू अजून टेक्सासही ओलांडलं नसशील, आणि मी पत्र लिहायला बसलोय. सवय लागली.

चार दिवसांत आपण दोघं काही फार बोललो नाही. तू आल्या आल्या बाइंडर मागितलंस आणि आईनं पुरणपोळी गरम करेपर्यंत अर्धं वाचूनही काढलंस. लाल पेननं सात ठिकाणी खुणा केल्यास. ट्रस्टी व्हायला तू तयार आहेस, पण दर जानेवारीला आपण चौघांनी बसून प्रत्येक गुंतवणूक कुठे काम करते ते मोठ्यानं वाचायचं, ही तुझी अट वकिलांना कळवलीय. देवांग व्हिडिओवरून येईल. त्या तंबाखूवाल्या शेअरबद्दल तू म्हणालीस ते मी हिमानीला सांगतो. तो तुझ्या आजोबांनी घे म्हटलं म्हणून घेतला होता, पण आजोबांना आता काय फरक पडतो.

कालचं लिहायचंय. जमिनीचे कागद ऑक्टोबरात झाले हे मी फोनवर सांगितलं होतं. पण सगळ्यांचं एकत्र जेवण थँक्सगिव्हिंगनंतर ठेवायचं, असं डोलोरेसनंच ठरवलं, तू येणार म्हणून. तुला तिनं ते सांगितलं नाही, मीही सांगितलं नव्हतं. क्लबहाउसचा एसी आता चालतो, आणि नोव्हेंबरात त्याची गरज नसताना लोकांनी तो मुद्दाम लावला होता. सगळे स्वेटर घालून बसले होते. मक्याच्या पिठाचे टमाले, ॲपल पाय, आईचा चिवडा. रॉयनं चिवडा तीनदा घेतला आणि तिखट आहे म्हणून तीनदा तक्रार केली.

तू दारात थांबलीस. मी मागे होतो, तुझी पाठ ताठ झालेली मला दिसली. याच खोलीत तू तासभर उभी राहून ऐकलं होतंस. डोलोरेस उठून आली. तिनं तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला, बस. मग बाकीचे आले. एका बाईनं सांगितलं की तू दिलेल्या नंबरच्या वकिलानंच त्यांची केस शेवटपर्यंत लढवली, आणि त्या केसमुळेच फंडाला हा पार्क विकावासा वाटला. हे मला माहीत नव्हतं. मी आपला समजत होतो की व्याजदरांमुळे.

रॉय आला, म्हणाला, "काउन्सेलर, यू आर बॅक." तू म्हणालीस, "जस्ट व्हिजिटिंग." मग तू मागे वळलीस, माझं कोपर धरून मला पुढे ओढलंस आणि म्हणालीस, "धिस इज माय डॅड."

रॉय हसला. "वी नो हू ही इज."

तू म्हणालीस, "आय नो यू डू. आय जस्ट वॉन्टेड टू से इट."

मी ॲपल पायचा तुकडा घ्यायला गेलो आणि तो घेऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. तू पाहिलंस की नाही माहीत नाही.

गाडीत बोलायचं होतं. पण एअरपोर्टचा रस्ता पंचवीस मिनिटांचा, त्यात आई तुला डब्यात काय काय भरलंय ते सांगत होती. म्हणून लिहितो. आपल्याकडे घरच्या माणसाला आभारी आहे म्हणत नाहीत. परक्यासारखं वाटतं. माझ्या वडिलांना मी कधी म्हणालो नाही, आईला चाळीस वर्षांत म्हणालो नाही. आज सकाळी तिला चहा देताना म्हणून बघितलं. ती म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?"

तरी तुलाही म्हणतो. तू मला प्रश्न विचारलास, मी खोटं बोललो तरी तो परत घेतला नाहीस, आणि उत्तर येईपर्यंत थांबलीस. आभारी आहे, प्रीता.

बाबा